फडक्यावर ठेवलेला चाकू

लातुरात शिकवण्यांच्या फीविरुद्ध पत्रकं वाटायचो तेव्हाची गोष्ट. गठ्ठ्यांची सुतळी कापायला वाकड्या पात्याचा, मिटता येणारा चाकू वापरून बघावा म्हणून औशाच्या बाजारात गेलो. म्हातारा चाकूवाला म्हणाला, "वाकडं पातं पहिल्यांदाच घ्यायलास ना? मग शिंगाची मूठ कशाला? लाकडाची घे, स्वस्त हाय."

मी हात पुढे केला. त्यानं चाकू फडक्यावर ठेवला.

"माझ्या हाताला हात लागला तर बाटतोस का?" मी ओरडलो. गिऱ्हाइकं पांगली.

"चाकू हातात दिला की भांडण होतं म्हणत्यात, बेटा. मी सगळ्यांनाच असा देतो."

भरल्या बाजारात मी एका भल्या माणसाचा धंदा मोडला होता. तरी माफीचा शब्द निघेना. चाकू उचलून पैसे ठेवले आणि वळलो, तर मागून तोच म्हणाला, "मिटताना बोट सांभाळ."