राजगंध पार्कात पाणी येत नाही

मार्गशीर्षातलं धुकं त्या रविवारी आठ वाजले तरी माळावरनं हललं नव्हतं. हायवेवरच्या ट्रकांचे नुसते आवाज यायचे, ट्रक दिसायचे नाहीत. कारखान्याचा हंगाम जोरात असल्यानं हवेला मळीचा आंबूस वास होता आणि त्यात बायडाबाईच्या चुलीचा धूर मिसळून पुढच्या डांबरी रस्त्यावर आडवा पसरला होता. ती भाकऱ्या थापत होती. एक तव्यावर, एक आरावर, एक हातात. ओट्यावर डबे उघडे मांडलेले. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत लातूर-बीडकडची पोरं कामाला आहेत. जनरल शिफ्टला जाताना ती गाडी थांबवून डबा उचलतात. रविवारीही अर्ध्याअधिक पोरांना ओव्हरटाइम असतो.

बायडाबाईचं घर म्हणजे माळावरच्या बौद्ध वस्तीतलं पहिलं घर, अगदी रस्त्याला लागून. नेसरीकडनं ती लग्न होऊन इथं आली तेव्हा पुढं रस्ता नव्हता, पाटलांचा भुईमूग होता. शेंगा तोडायला तीही जायची. नवरा ज्ञानू फौंड्रीत मोल्डिंगला होता. वाळूची धूळ छातीत बसली आणि पंचेचाळिशीच्या आतच तो खोकून खोकून गेला. पोरगा सम्राट तेव्हा सातवीत. मग हिनं डबे सुरू केले. डब्यांवर सम्राट आयटीआय झाला, एमआयडीसीत सीएनसी मशिनवर लागला, दोन वर्षांमागं पर्मनंट झाला.

सम्राटला मुरगूडची मुलगी सांगून आली होती. पोरीचा बाप घर बघायला आला, चहा प्याला, दोन्ही खोल्यांतनं फिरून बाहेर आला आणि म्हणाला, "पोरगं नाव ठेवण्यासारखं न्हाय. पन ह्या दोन खोल्यांत माझी पोरगी निजायची कुटं? जागा घ्या, पाया काढा, मग तारीख धरू." माणूस वाईट नव्हता. पाडव्यापर्यंत थांबतो म्हणाला.

भुईमुगाच्या त्या माळावर आता 'राजगंध पार्क' अशी कमान उभी होती. आत मुरमाचे रस्ते, चुन्याच्या रेघा, सिमेंटचे खुंटे. प्लॉट विकायचं काम गावातल्या हंबीरराव पाटलाकडं. पांढरा शर्ट, पांढरी गाडी, कपाळाला गुलाल असो नसो, बोलणं कायम निवडून आल्यासारखं.

प्लॉट बघायला येणारी माणसं शाळा विचारतात, एसटी विचारतात, दोन वर्षांनी रेट काय होईल ते विचारतात. पण एकोणीसच्या महापुरापासून कोल्हापूरच्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला. पाणी कुठवर आलतं? आणि एजंटानं ह्याचं उत्तर दिलं तर त्यावर कुत्रंसुद्धा विश्वास ठेवत नाही, हे हंबीररावाला पक्कं ठाऊक. म्हणून त्यानं एक पद्धत पाडली होती. गिऱ्हाइकाला आपल्या गाडीतनं कमानीत न्यायच्या आधी तो बायडाबाईच्या दारात थांबायचा. स्वतः काच वर करून आत बसायचा. म्हणायचा, "माझं ऐकू नका, पावणं. त्या बाईला इचारा. तिचं माझं काय देणंघेणं न्हाय."

माणसं उतरायची. "मावशी, एकोणीसला पाणी कुठवर आलतं?"

"हितं? हितं पाणी आलं तर निम्मा जिल्हा बुडाला म्हनायचं. खाली ओढ्याला आलतं. तितली माणसं वर आमच्या समाजमंदिरात हुती आट दिस. मीच भाकऱ्या घालत हुतो."

"आणि प्यायचं पाणी?"

"बोरचं हाय, गोडं हाय. एप्रिलात जरा दम खातंय. खोटं कशाला सांगू?"

ह्या एप्रिलवरच माणूस गार व्हायचा. जी बाई उणं सांगते ती बाकीचंही खरं सांगत असणार. गाडी कमानीत शिरायची आणि बऱ्याचदा इसार देऊनच बाहेर पडायची.

सम्राट चिडवायचा. "आई, तू पार्कची ब्रँड अँबॅसिडर हाईस. कमिशन माग की."

"पाणी येत न्हाय म्हनायला पैसं घेऊ व्हय? उद्या भाकरी गोल हाय म्हनायला बी घेशील."

पण तिनं एक मागितलं होतं. दिवाळीआधी हंबीरराव चहाला थांबला तेव्हा ती म्हणाली होती, "पाटील, सात नंबर आमच्या सम्राटला ठेवा. सोसायटीचं कर्ज मंजूर हुतंय त्याला. मी फुकट मागत न्हाय."

"ठेवला की."

"मग इसार घ्या."

"तुझ्याकडनं इसार?" हंबीररावानं कप खाली ठेवून कानाला हात लावला होता. "बायडाक्का, तुझ्या शब्दावर माझं निम्मं पार्क गेलंय. आन् मी तुझ्याकडनं इसार घेऊ? लोक तोंडात शेण घालतील माझ्या. सात नंबर तुझा. जा."

तिला ते ऐकून बरं वाटलं होतं. इसार म्हणजे सौदा बांधला, हे तिच्या सासऱ्याला म्हैस घेतानाही ठाऊक होतं. पण मान दिल्यावर माणसाला पावती मागवत नाही. तिनं मुरगूडला फोन करून जागा बघितल्याचं सांगूनही टाकलं.

त्या धुक्याच्या रविवारी आलेली माणसं दुसऱ्यांदा येत होती. कोल्हापुरात नदीकडच्या गल्लीत त्यांचं घर. एकोणीसला तळमजला गेला, एकवीसला पुन्हा गेला. म्हातारे तात्या रिटायर शिक्षक. गाडीतनं उतरल्या उतरल्या ते रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून मुरूम बोटांत चुरून बघू लागले. सून ऋता थंडीनं कुडकुडत चुलीशी आली.

"बसा की. शेक घ्या," बायडाबाई म्हणाली. तव्यावरची भाकरी तिनं ऋताच्या हातावर दिली, वर खर्डा. ऋता उभ्यानंच खायला लागली. डोळ्यांत पाणी आलं तरी थांबेना.

"काय भारी झालाय हो खर्डा. काकू, तुम्ही गावातनं येता ना रोज?" आणि उत्तराची वाट न बघता ती हळू आवाजात म्हणाली, "एक विचारायचं होतं. हंबीरराव म्हणाले ते खरं ना? ही मागची झोपडपट्टी सहा महिन्यांत हलणार म्हणून?"

"कुटली?"

ऋतानं हातातल्या भाकरीनंच दाखवलं. धुक्यात विहारावरचा पंचरंगी झेंडा ओला होऊन काठीला चिकटला होता.

"तोवर मधे उंच भिंत घालून देतो म्हणालेत. तात्यांना त्याचंच टेन्शन होतं. घर काय माणूस एकदाच बांधतो. आणि बाकीचे सगळे प्लॉटही आपल्यातल्याच लोकांना दिलेत म्हणे, ते एक चांगलं झालं. म्हणून काल इसार दिला बघा, सात नंबरचा."

बायडाबाईच्या हातातला गोळा परातीत तसाच राहिला. तिच्या डोळ्यांपुढं काच वर केलेली गाडी आली. बाहेर ती पाण्याचं खरं सांगत असायची, तेव्हा आत हेच सांगून झालेलं असायचं.

"मी गावातनं येत न्हाय," ती म्हणाली. "हितंच ऱ्हातो. हेच माझं घर."

ऋताचं चावणं थांबलं. तिनं मागच्या दाराकडं बघितलं, आतल्या भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडं बघितलं. "नाही, म्हणजे… मला तसं नव्हतं म्हणायचं," एवढं म्हणून ती अर्धी भाकरी हातात धरून गाडीकडं गेली. पुढं तिनं ती खाल्ली की टाकली, ते बायडाबाईनं बघितलं नाही.

दुपारी हंबीरराव एकटाच परतताना तिनं परात आपटून गाडी थांबवली.

"सात नंबर कुणाला दिला, पाटील?"

हंबीररावानं गाडी बंद केली. खाली उतरला, ओट्यावर टेकला आणि तिथला चहाचा कप सवयीनं पुढं ओढला. तो गडबडला नाही की लाजला नाही. "बस बायडाक्का, सांगतो. मी जात मानतो काय? तुझ्या कपानं चा पितो मी. गावात कोण पितंय सांग. पन हा धंदा हाय. तुला सात नंबर दिला तर आट आन् सहा कोण घेनार? सगळ्या पार्कचा रेट बसतोय."

"माझ्यानं रेट बसतोय?"

"मी न्हाय म्हनत. गिऱ्हाईक म्हनतंय."

"आन् वस्ती हलनार, हे कोन म्हनलं?"

"ते आपलं बोलायचं असतंय. हलवतंय कोन तुमाला? कलेक्टरचा बा आला तरी हलवत न्हाय. तू कशाला मनाला लावून घेतीस?" तो जवळ सरकला. "तुजं काम हाय माझ्या डोक्यात. खाली ओढ्याकडं नवीन पट्टा घेतलाय. तुमच्या समाजासाठीच काढतोय खास, स्वस्तात. सम्राटला त्यातला पयला. फकस्त तू चार लोकांना सांगायचं, पाण्याची काळजी न्हाय म्हनून. तुझ्यावर इस्वास हाय माणसांचा."

"तितं पानी येतंय की, पाटील. तितल्याच माणसांना मी भाकऱ्या घातल्या."

"दर साली येतंय व्हय?"

 बायडाबाईनं त्याच्यापुढचा चहाचा कप, त्यानं अजून तोंडाला लावला नव्हता तोच, उचलला आणि चहा रस्त्यावर ओतला. हंबीरराव ओलं डांबर चुकवून गाडीत बसला आणि निघून गेला.

सम्राटला संध्याकाळी कळलं. त्याला नवल वाटलेलं दिसलं नाही, म्हणून ती जास्त चिडली.

"तुला म्हाईत हुतं?"

"कंपनीतली आपल्यातली दोघं पार्कात गेलती सात-आट म्हैन्यांमागं. माने म्हनून आडनाव सांगिटलं तर एजंट म्हनला, कुटलं माने? गाव कुटलं? मग म्हनला बुकिंग फुल्ल झालंय."

"मग मला का सांगिटलं न्हाईस?"

"तू किती खुशीत हुतीस आई." एवढंच म्हणून तो बूट काढायला बसला.

पुढच्या रविवारी पुण्याचं एक जोडपं आलं. राहायचं नव्हतं त्यांना, नुसतं पैसे गुंतवून ठेवायचे होते. हंबीररावाला वाटलं असणार, बाई चहा ओतून मोकळी झाली. त्यानं सवयीनं गाडी दारातच थांबवली, काच वर केली.

"मावशी, पुराचं पाणी येतं का इथं?"

"न्हाय. एकोणीसला न्हाय, एकवीसला न्हाय. बोरचं पानी एप्रिलात कमी हुतंय." तिनं भाकरी उलटली. "आन् ही मागची वस्ती आमची. आमी बौद्ध. आमी कुटं हलनार न्हाय. तुमाला काय सांगिटलं असंल तर ते बी पाण्यासारखंच माझ्याकडनं इचारून घ्या."

बाईनं नवऱ्याकडं बघितलं. नवरा म्हणाला, "नाही नाही, आमचं तसं काही नाही," आणि मोबाइल काढून त्यात बघायला लागला. गाडी कमानीत गेली नाही. तिथंच वळली.

त्यानंतर हंबीररावाची गाडी तिच्या दारात थांबली नाही. हायवेवरच्या टपरीवाल्याकडं तो गिऱ्हाईक न्यायला लागला. टपरीवाला एप्रिलाचंही सांगत नव्हता. प्लॉट जात राहिले. माघात भिंत उभी राहिली, पुरुषभर उंच, आणि वस्तीच्या बाजूनं गिलावा न केलेली. सात नंबरात तात्यांनी पायासाठी खड्डा घेतला. मुहूर्ताच्या दिवशी पेढ्याचा बॉक्स घेऊन ते भिंतीला वळसा घालून बायडाबाईच्या दारात आले. "तुमच्यामुळं जागा घेतली बघा," म्हणाले. तिनं पेढा घेतला. 

ओढ्याकडच्या पट्ट्यातही खुंटे पडले. वस्तीतली माणसं तिला विचारायला आली. तिनं सगळ्यांना सांगितलं, पाणी येतं, आठ आठ दिवस राहतं. ऐकून घेऊन माणसं मान हलवायची आणि खाली बघायला जायची. गावात कुणी जागा देत नव्हतं, पार्कात तर नाहीच, आणि पोरं लग्नाला आलेली.

पाडवा आठ दिवसांवर आला तेव्हा एका सकाळी सम्राट शिफ्टला न जाता दारात उभा राहिला. ती चुलीपुढं बसली होती.

"काल इसार दिला," तो म्हणाला. "पावती घेतली."

"कुटली जागा?" तिनं विचारलं, पण तिला कळलं होतं.

"मुरगूडला सांगिटलंय. त्येनी बरं म्हनले." मग जरा थांबून, "पानी चार-दोन वर्सांनी एकदा येतंय, आई. घर रोज लागतंय."

चुलीतलं लाकूड विझत आलं होतं. तिनं ते आत सरकवलं.

"तितं किती चढलं हुतं?" त्यानं विचारलं.

बायडाबाई उठली. पिठाचा हात तिनं त्याच्या छातीवर, शर्टाच्या खिशाच्या जरा खाली आडवा लावला. त्यानं मान वाकवून तो हात बघितला.

"तेवढा पाया उंच काढू," तो म्हणाला.

बाहेर डबा न्यायला आलेल्या पोरानं हॉर्न वाजवला. "आलो रे," म्हणत ती खाली बसली, परातीत गरम पाणी ओतलं आणि पुढच्या भाकरीचं पीठ मळायला घेतलं.