पडीक जमिनीतले काजू

एका रविवारी खाण कंपनीचा माणूस पेढे घेऊन कात्रपच्या आमच्या फ्लॅटवर आला, तेव्हा आम्हाला कळलं की आपण जमीनदार आहोत. आमचं गाव सावंतवाडीच्या पलीकडे. तिथल्या डोंगरात लोखंड निघालं होतं आणि उतारावरच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर भाऊबंदांच्या रांगेत बाबांचंही नाव होतं.

बाबांना गाव आठवायचं ते शिव्या देण्यापुरतं. त्यांचं आयुष्य मोरिवलीच्या एका कारखान्यात लोखंडावर मुलामा चढवण्यात गेलं. मागचा नाला रोज नवा रंग ल्यायचा. त्यावरून यांना वार कळतो, असं आई म्हणायची. ते लोखंड कुठल्या डोंगरातून येतं, हे बाबांनी कधी विचारलं नव्हतं.

"काका, इथे फक्त एक सही. गावाचा विकास होईल."

"होऊ दे की," पेढा चघळत बाबा म्हणाले आणि पेन शोधू लागले.

"अहो, आधी तुमच्या बहिणीला विचारा," आई म्हणाली. "नाहीतर ती मलाच धरेल."

आत्या गावातच राहते. मी फोन स्पीकरवर टाकला.

"वरची खाण सुरू झाल्यापासून झऱ्याचा पानी लाल येता," आत्या कडाडली. "माझी पांढरी लुगडी भगवी झाली. लोक माका साध्वी म्हणतत! सही केलंस तर माझ्या तेराव्याक येव नको."

"तू माका पोचवूनच जातलंस," बाबा म्हणाले.

तेवढ्यात मागून आत्याचा मुलगा ओरडला, "मामा, करा सही! माका डंपरवर नोकरी गावली हा!" मग आत्यानं त्याचा असा उद्धार केला की कंपनीच्या माणसानं खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

बाबांनी चष्मा लावला आणि कागद पहिल्यांदाच वाचला.

"पडीक? इथे काजू आहेत. माझ्या हातचे."

"काका, ती नुसती लिहायची पद्धत असते."

"मग काजू लिहायची पद्धत काढा. तोवर उठा."

पर्यावरणासाठी नव्हे, निव्वळ अपमान झाला म्हणून सही राहिली. पेढे मात्र आम्ही ठेवून घेतले.

बाकीच्या भाऊबंदांनी सह्या केल्या. खाण खाली सरकत आमच्या बांधाला येऊन टेकली. या मे महिन्यात आम्ही गावी गेलो तेव्हा झरा आटला होता. आत्याच्या दारात कंपनीचा पाण्याचा टँकर उभा आणि तो चालवत होता आत्याचाच मुलगा. डंपरवरून त्याची बढती झाली होती.

"ते मातीचे पाय घेवन घरात येव नको!" हंडा भरता भरता आत्या खेकसली.

"आये, पानी आणून देतंय, तरी शिव्या?"

"पानी माझाच होता, मेल्या!"

बाबा काजूंकडे गेले. झाडं उभी होती, पण पानं विटेच्या रंगाची. त्यांनी रुमालानं एक पान पुसलं. मग दुसरं. मग तिसरं.

"अहो, आता सगळी बाग पुसणार का?" आई म्हणाली.

बाबा पुसत राहिले. रुमाल माझा होता.