व्हर्नने बुजवलेली भोकं

आमच्या क्वारी लेनवर सात घरं. त्यातल्या सहांच्या भानगडी मी झोपेतसुद्धा सांगेन. सातवं व्हर्न ट्रेझीझचं, आणि तिथे सांगण्यासारखं काही घडतच नाही, हे माझं जुनं दुखणं. शहात्तर वर्षांचा विधुर. चाळीस वर्षं लाकडाच्या गिरणीचे ट्रक दुरुस्त केले. बुधवारी कपडे, शनिवारी गाडी, रविवारी बायकोच्या थडग्यावर फुलं. जांभई तरी किती द्यायची माणसाने.

गाडी त्याच्या लग्नाच्या वर्षीची, सायीच्या रंगाची, कार्ब्युरेटरवाली. चोक ओढायचा, पायाने दोनदा पेट्रोल द्यायचं, दहापर्यंत मोजायचं, मग किल्ली. नवालाच फिरवली तर ती रुसते म्हणे. तो सात-आठपर्यंत आला की मी कुंपणावरून "चौदा, पंधरा" असं ओरडायचे. बिचारा पुन्हा एकपासून सुरुवात करायचा.

टाकीचं झाकण ढिलं होतं, वळणावर पेट्रोलचा वास यायचा. "हाच सेंट लावून फिरतोस, म्हणून कुणी बाई फिरकत नाही तुझ्याकडे," असं म्हणून त्याच्या पंचाहत्तरीला मी भंगारवाल्याकडून एक किल्लीचं चकचकीत झाकण आणलं, कुठल्याशा नव्या गाडीचं, आणि लाल रिबीन बांधून दिलं. त्याने आभार मानले आणि ड्रॉवरमध्ये टाकलं. वर्षभर मी येता-जाता टोचत राहिले, "लावलंस का रे माझं झाकण?"

गेल्या फेब्रुवारीत, म्हणजे आमच्याकडच्या भर उन्हाळ्यात, त्या मंगळवारी पारा त्रेचाळीसवर होता आणि वारा उत्तरेचा. माझा नवरा डगल गावच्या आगीच्या बंबावर स्वयंसेवक. डोंगरापलीकडे वणवा लागला म्हणून पहाटेच आमची एकुलती गाडी घेऊन गेला. जाताना म्हणाला, "निघायची वेळ आली तर व्हर्नबरोबर नीघ. वाद घालू नकोस."

व्हर्न सकाळपासून भोकं बुजवत होता. पन्हळींच्या नळांत टेनिसचे चेंडू कोंबून पन्हळी पाण्याने भरल्या, दारांखाली ओले टॉवेल खुपसले, धुराड्यावर जाळी ठोकली.

"ठिणगीला बोटभर फट पुरते, नेरिडा," तो शिडीवरून म्हणाला. "आग नंतर येते, ठिणग्या आधी."

"नाकपुड्या राहिल्या की तुझ्या."

त्याने खरंच ओला रुमाल नाकाला बांधला.

अडीचला वारा फिरला. रेडिओवरच्या बाईने आमच्या खोऱ्याचं नाव घेतलं आणि आत्ताच्या आत्ता निघा म्हणाली. शहराकडे एकच रस्ता, एकोणीस किलोमीटर. व्हर्नने बायकोचा फोटो माझ्या मांडीवर ठेवला, चोक ओढला, दहापर्यंत मोजलं. मी फोटो छातीशी धरला. आभाळ चहाच्या चोथ्यासारखं झालं होतं आणि भर दुपारी दिवे लावावे लागले.

पाइनच्या रानात शिरलो आणि गाडीने आचके दिले. एक, दोन, आणि बंद.

व्हर्न उतरला, बॉनेट उघडलं. "उन्हाने पाइपातलं पेट्रोल उकळलं असेल. पाणी दे." पेट्रोलच्या पाइपावर त्याने कपड्यांचे लाकडी चिमटे कधीचेच लावून ठेवलेत, उष्णता खेचतात म्हणून. मी त्यावरूनही कितीदा हसले होते. त्याने पंपावर ओलं फडकं गुंडाळलं. आम्ही थांबलो. पाच मिनिटं असतील. गाडी सुरू झाली. जेमतेम एक किलोमीटर गेली आणि पुन्हा तेच आचके.

या वेळी दोन्ही बाजूंच्या झाडांमधून काहीतरी घरघरत होतं. आधी मला वाटलं, मागून कुणाचा ट्रक येतोय. वळून पाहिलं, रस्ता रिकामा.

"व्हर्न, चालत जाऊ या."

"आगीच्या पुढे चालायला तू काय घोडी आहेस? बस आत. सांगेन तेव्हा सेल्फ मार."

त्याने प्लगची वायर उपटून लोखंडाजवळ धरली. मी त्याच्या जागी सरकले, क्लच दाबला आणि किल्ली फिरवली.

"करंट आहे," तो म्हणाला. हवेची जाळी काढून उजेडाकडे धरली, फुंकर मारली. "हवा आहे." मग कार्ब्युरेटरची वाटी उघडली, तीत बोट फिरवलं आणि मला दाखवलं. बोट कोरडं. "पेट्रोल नाही."

"अरे, काल तर टाकी भरलीस तू."

"भरलीय. पंपही ओढतोय." पंपापुढचा पाइप काढून त्याने पुन्हा सेल्फ मारायला लावला. पाइपातून थेंब आला नाही.

काचेवर एक काळं पान पडलं. निलगिरीचं, वाऱ्याने दुरून आणलेलं, अख्खं, शिरांसकट, कडेला अजून लाल. मागोमाग आणखी दोन. एक कांगारू रानातून निघाली, गाडीला घासून पलीकडे गेली. तिने आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"व्हर्न, काहीतरी कर रे."

"करतोय," तो म्हणाला. पण त्याचे हात थांबले होते. तो नुसता उभा होता, आणि ते मला आगीपेक्षा भयंकर वाटलं. "शनिवारी चालली. काल पेट्रोल भरून आणलं, तेव्हा चालली. आज मी हिचं काय वेगळं केलं?"

तो स्वतःलाच विचारत होता. पण बाजूच्या आरशात मला टाकीचं तोंड दिसत होतं, आणि तिथे काहीतरी चकाकत होतं.

"झाकण," मी म्हणाले. "माझं झाकण लावलंस."

"हो. जुनं ढिलं ना. ठिणगी शिरेल म्हणून सकाळी..." पुढचं त्याने गिळलं. तीन ढांगांत मागे गेला. किल्ली भोकात जाता जाईना. मग झाकण फिरलं आणि टाकीने सस्स करून आत हवा ओढली, बुडता बुडता वर आलेलं माणूस ओढतं तशी.

"पेट्रोल पुढे जायचं तर मागून हवा आत यायला नको?" तो म्हणाला. "जुन्या झाकणाला बारीक भोक होतं. याला नाही. चाळीस वर्षं ट्रक दुरुस्त केले मी, बाई. आणि आज हिचं नाक दाबून बसलो."

"मी दिलं ते, व्हर्न."

"लावलं मी. मोजा काढ."

"काय?"

"लोकरीचा आहे ना, वणव्यात पेटत नाही म्हणून घातलेला? काढ. भिजव."

उरलेलं पिण्याचं पाणी मी मोज्यावर ओतलं. तो त्याने टाकीच्या तोंडावर सैलसर बसवला, हवा जाईल आणि ठिणगी विझेल असा, वरून चिमटा लावला. पाइप जोडला आणि स्टिअरिंगवर बसला. झाडांच्या वरचा धूर आता आतून उजळत होता. कोरडी वाटी भरायला सेल्फ खूप वेळ मारावा लागला, आणि प्रत्येक खेपेला बॅटरीचा आवाज खाली खाली जात होता.

"शेवटचं," तो म्हणाला. "हिला जरा दम खाऊ दे. दहा मोज."

मी मोजलं. एकही आकडा इकडचा तिकडे केला नाही. सहाला गाडीच्या टपावर काहीतरी धाडकन आदळलं, तरी मोजलं. दहाला त्याने किल्ली फिरवली.

शहरातल्या फुटबॉलच्या मैदानात आम्ही पोहोचलो तेव्हा माझ्या एका पायात बूट होता, पण मोजा नव्हता. डगलचा निरोप आला होता, सगळे सुखरूप. कुणीतरी व्हर्नच्या हातात चहा दिला. पाइनच्या रानात ज्या हातांनी वाटी उघडली, वायर धरली, ते हात आता इतके थरथरत होते की अर्धा चहा पँटवर सांडला.

पोस्टातली मोर्वेना गाडीभोवती फिरून आली. "व्हर्न, हे काय रे? टाकीत कुणाचा मोजा?"

"हिला विचार," व्हर्न म्हणाला. "लेनमधलं सगळं हिलाच ठाऊक असतं."

मोर्वेना माझ्याकडे वळली. मी व्हर्नच्या हातातला कप काढून घेतला, दोन्ही हातांनी धरला आणि त्याच्या तोंडाशी नेला. तो एक घोट प्यायला. मोर्वेना वाट पाहत उभी राहिली.