कुंदाताईंची मोजणी

कुंदाताई मोघ्यांना नेदरलँड्सच्या संसदेसाठी मत नव्हतं, पण आमच्या नीउ-व्हेनेप गावातली मतमोजणी त्यांच्याशिवाय होत नसे. बाई मूळच्या मिरजेच्या. वीसेक वर्षं इथं राहिल्या, पासपोर्ट मात्र भारताचाच. मतं मोजायला नागरिकत्व लागत नाही, असा इथला नियम. निवडणूक आली की ठेवणीतलं इरकली लुगडं, त्यावर जाड स्वेटर, पायात बूट अशा थाटात त्या सायकलवर टांग मारून निघत. मत नसताना ही हमाली कशाला, असं कुणी विचारलं तर म्हणत, "लग्नात सगळेच बोहल्यावर कसे चढणार? पंगत बघायला कुणी नको?"

मला त्यांचा हेवा वाटे. सरळच सांगतो, जळायचो मी. मी डच परीक्षा दिली, भारताचा पासपोर्ट परत केला, त्या दिवशी चिंचवडला आई फोनवर रडली. एवढं करून बेकरीतली बाई माझ्याशी इंग्रजीतच बोलते. कुंदाताईंचं डच थेट मिरजेच्या वळणाचं, व्याकरणाच्या नावानं आनंदीआनंद. पण सुट्टीवर जाताना अर्धी गल्ली घराच्या किल्ल्या त्यांच्याकडे ठेवून जाई. मला कुणी कधी कुंडीला पाणी घालायलासुद्धा सांगितलं नाही.

मत मात्र माझ्याकडे होतं. त्या एका बाबतीत मी त्यांच्या वरचढ होतो आणि ते मी त्यांना अधूनमधून ऐकवतही असे. त्या हसत आणि म्हणत, "दे बाबा, दे. आम्ही मोजू."

संसदेसाठी मी पहिल्यांदा मत दिलं ती निवडणूक भलतीच चुरशीची झाली. दोन पक्ष शेवटपर्यंत बरोबरीनं धावत होते. मतदानाच्या आडोशात मी तो टेबलाएवढा कागद पसरला आणि तिथली लाल पेन्सिल हातात घेतली. शुभकार्य, लाल रंग, कोरा कागद! वडिलांनी लहानपणापासून लावलेली सवय. हात आपोआप वर गेला आणि मी कोपऱ्यात 'श्री' काढला. मग खाली माझ्या उमेदवारापुढचा गोल भरला आणि भरल्या मनानं घरी आलो.

दुसऱ्या दिवशी क्रीडागृहात मोजणी होती. ती बघायला कुणालाही जाता येतं. दोन्ही पक्ष अजून बरोबरीतच होते. मी दोरीमागे उभा राहिलो. कुंदाताई समोरच्याच टेबलावर कागद उलगडत होत्या. एका कागदापाशी त्या थांबल्या; कोपऱ्यातला लाल 'श्री' मला दोरीमागूनही दिसला.

मोजणीच्या प्रमुख मारेइकेबाई आल्या. "हे काय लिहिलंय, कुंदा? कुणाचं नाव?"

"नाव नाही. चांगल्या कामाच्या आधी आम्ही लिहितो हे."

"मग हरकत नाही. मतदार कोण हे ओळखू येत असेल, तरच बाद."

कुंदाताईंनी नुसतं 'बरं' म्हटलं असतं की झालं होतं. त्यांनी कागद पुन्हा नीट पाहिला. आमच्या मंडळाच्या गणपतीचे फलक दरवर्षी मीच रंगवतो आणि ते लावायला त्याच असत.

"मला ओळखू येतंय," त्या म्हणाल्या. "अक्षर माझ्या माहितीतलं आहे."

माझं मत बाद मतांच्या गठ्ठ्यावर गेलं.

बाहेर सायकलींपाशी मी त्यांना गाठलं. रागानं विचारलं, "गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं?"

"काहीच नाही. पुढच्या खेपेलाही मला बोलावलं असतं. मीच आले नसते." मग माझ्या दंडावर चापट मारून म्हणाल्या, "मंदार, संसदेच्या इतक्या निवडणुका मोजल्या, त्यात एक कागद माझा नव्हता रे. तुझं नशीब बघून जीव जळायचा माझा. आणि मिळालेलं मत तू असं घालवलंस, गधड्या!" त्यांचे डोळे भरले होते. त्या माझ्यावर जळत असतील हे मला कधी सुचलंच नव्हतं.

"मग तुम्हीही घ्या ना इथला पासपोर्ट," मी म्हणालो.

"तीनदा अर्ज भरला. आपला परत करायला हात होत नाही."

पुढच्या उन्हाळ्यात थोरल्या बहिणीचं दुखणं काढायला त्या मिरजेला गेल्या, त्या कायमच्याच. निरोप द्यायला गल्ली लोटली होती. मी त्यांच्या बॅगा गाडीत ठेवल्या आणि तेव्हाही, किती माणसं रडताहेत ते चोरून बघत होतो.

मध्यंतरी त्यांचा फोटो आला. मिरजेत कसलीशी निवडणूक होती. उन्हात उभ्या कुंदाताई, डोक्यावर पदर, आणि पुढे धरलेल्या बोटावर शाईची काळी रेघ. खाली लिहिलं होतं, 'आज आमचं मोजतील.'

मी तो फोटो मोठा करकरून पाहिला. ती शाई आता माझ्या बोटाला कधीच लागायची नाही. आनंद झाला हे खरं, पण आधी हेवाच वाटला.