कळी ओली आहे तोवर

पुस्तक छापायचं ठरल्याचं प्रकाशकांचं पत्र आलं, त्याच आठवड्यात आत्याने अंथरूण धरलं. आई गेल्यावर मला वाढवलं ते तिनेच. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "घरी न्या, हवं ते खायला घाला." मी तिला संगमेश्वराकडच्या तिच्या गावी पोचवलं.

तिसऱ्या दिवशी ती हट्टाने देवळात गेली. शेजाऱ्यांनी खुर्चीत बसवून नेली. आमच्याकडे अडलं की ग्रामदेवीला कौल लावतात. गुरव देवीच्या पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, उजवी कळी आधी पडली तर देवीचा होकार. गाऱ्हाण्यात शब्द जपून घालावेत, नाहीतर देवी बोललं तेवढंच देते. हे आत्यानेच मला शिकवलेलं. तरी ती म्हणाली, "पोरीचं पुस्तक माझ्या हातात पडेपर्यंत मला ठेव." गुरवाचं बोलणं संपायच्या आत उजवी कळी पडली. मी बाजूलाच उभी होते, आणि मूर्खासारखी आनंदाने रडले.

पंधरा दिवसांत आत्या विहिरीवरून कळशी भरून आणायला लागली. इकडे पुस्तक मात्र लांबत चाललं. कधी कागद नाही, कधी मुखपृष्ठ करणारा आजारी. मी ऑफिसातून जेवणाच्या सुट्टीत रोज पुण्याला प्रकाशकांकडे फोन लावायची आणि ठेवल्यावर डब्यावर राग काढायची. नवा लेखक म्हणजे लग्नातला आगंतुक, पानात वाढतील तेव्हा जेवायचं.

चार महिन्यांनी गावी गेले तेव्हा आत्याने फडताळातून कुंकवाची रिकामी डबी काढून दाखवली. आत कौलाची तीच कळी होती. मी बोट लावलं. ओली होती, गार होती, नुकती तोडल्यासारखी.

"पुस्तक येईपर्यंत अशीच राहील," ती कैऱ्या चिरता चिरता म्हणाली. तिचे गाल भरले होते. मला म्हातारपणी इतकी चांगली ती कधी दिसली नव्हती. मग ती नक्की काय मागून बसली आहे ते माझ्या डोक्यात शिरलं.

त्यानंतर मी पुण्याला फोन केला नाही. प्रूफं आली की चुका शोधायची, सापडल्या नाहीत तर बरी वाक्यं बदलायची. "बाई, तुम्हाला पुस्तक हवंय की नकोय?" प्रकाशक एकदा वैतागून म्हणाले. हवं होतं हो. फार हवं होतं, आणि त्याचीच लाज वाटायची.

शेवटी एका मंगळवारी दुपारी तीनला पार्सल आलंच. मी ते न फोडता पलंगाखाली सारलं. संध्याकाळी आत्याचा फोन.

"कळी कडेने सुकायला लागली गो, तीनच्या सुमारास. पुस्तक आलं काय?"

"नाही अजून."

तिच्या मागे कोंबड्या ओरडत होत्या.

"एवढी लेखिका झालीस, पण खोटं बोलायला काही जमत नाही तुला," ती म्हणाली. "घेऊन ये. हातात नको देऊस हवं तर. तूच धर, वाचून दाखव."

मी रजा टाकून गेले. रोज दुपारी पडवीत बसून एकच प्रकरण वाचायची. पुस्तक मांडीवर घट्ट धरलेलं असायचं, उठताना पिशवीत घालून पिशवी खांद्याला. आत्या हसायची, मध्येच म्हणायची, "असं नव्हतं हो, तू तेव्हा लहान होतीस." ती झोपली की मी डबी उघडून बघायची. कळी दिवसागणिक आतपर्यंत तपकिरी होत गेली. प्रकरणं बारा होती. मला वाटलं, संपलं की पहिल्यापासून पुन्हा वाचू.

बाराव्या दुपारी शेवटची ओळ वाचली. आत्या अंगणाकडे बघत होती.

"छान लिहिलंस," ती म्हणाली. मग तिने पदराला दोन्ही हात पुसले आणि माझ्यापुढे केले.

"दे आता."