युरोप एवढासाच?

आमच्या शहरातल्या बुधवारा बाजारात विमानाच्या तिकिटांचं दुकान टाकून मला अकरा वर्षं झाली. लोक तिकिटं घेऊन जातात, किस्से मात्र काउंटरवरच सोडून जातात! शहराबाहेर न गेलेल्या मला आता अख्ख्या युरोपची अंतरं पाठ झालीत.

*

सुरुवातीला माझा भाऊ नितीनच कच्चा होता. एका गिऱ्हाइकानं विचारलं, "लंडन ते पॅरिस किती वेळ?"

"आठ-नऊ तास. जेवण मिळतं," नितीननं ठोकून दिलं.

मी स्क्रीन फिरवली. सव्वा तास! नितीनचे डोळेच विस्फारले. "अगं ताई, मग विमान वर कधी जातं नि खाली कधी येतं?"

*

धूलकोट गावचे एक केळीवाले भाऊ. मुलगी व्हिएन्नात, तिची नणंद ब्राटिस्लाव्हात. भाऊ म्हणाले, "दोन देशांच्या राजधान्या आहेत, विमानाचंच तिकीट काढा."

"भाऊ, विमान कशाला? ट्रेननं तासाभरात पोचाल. इथून आपलं खंडवा जेवढं लांब, तेवढंच."

भाऊ खुर्चीत मागे रेलले. "क्या बात करते हो! खंडव्याच्या अंतरात देश बदलतो?"

*

एक बाई नुसती चौकशी करायला आल्या. "ॲमस्टरडॅम ते ब्रुसेल्स विमानानं किती तास?"

"विमान सोडा, ट्रेननं दोन तास. इथून भोपाळसुद्धा त्याहून लांब."

बाई पांढऱ्याफटक पडल्या. "मुलगी ॲमस्टरडॅमला, स्थळ ब्रुसेल्सचं. नोकऱ्या लांब पडतात म्हणून कालच नकार कळवला हो आम्ही!"

आणि तिथूनच त्यांनी फोन लावला.

*

माद्रिद-लिस्बनचं तिकीट बघून एक कापडवाले शेठ संतापले. "दहाला निघणार, दहा वीसला पोचणार? छापलंय काय हे?"

मी समजावलं, प्रवास एक तास वीस मिनिटांचाच. पण तिथलं घड्याळ एक तास मागे. परतीच्या तिकिटावर मात्र दोन तास वीस मिनिटं दिसत होती.

शेठनी दोन्ही तिकिटं शेजारी-शेजारी ठेवून पाहिली. मग म्हणाले, "समजलं. जाताना उतार, येताना चढ!"

*

आणि आमचे पाटील सर. चौऱ्याहत्तर वर्षांचे, रिटायर्ड मास्तर. थोरला मुलगा म्युनिकला, धाकटा झुरिकला. सरांच्या बायको वारल्यापासून दोघा भावांची एकमेकांशी भेट नव्हती. विचारलं की दोघंही म्हणत, "अप्पा, फार लांब पडतं."

"म्युनिक ते झुरिक किती वेळ गं?" सरांनी विचारलं.

"विमानानं तासभर, सर."

सरांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. हातातला चष्मा त्यांनी हळूच टेबलावर ठेवला. "तासभर? मला शेजारच्या चांदनीला जाऊन यायला याहून जास्त वेळ लागतो!"

पंधरा दिवसांनी नवाकोरा पासपोर्ट आणि व्हिसाचे कागद घेऊन आले. "जाताना म्युनिकला उतरायचं, येताना झुरिकहून बसायचं."

"आणि मधलं तिकीट?"

"ते काढू नकोस. दोघांना सांगितलंय, मला म्युनिकहून झुरिकला मोटारीनं तुम्हीच न्यायचं. दोघंही."

महिन्यानं सर परत आले. मी विचारलंच, "आले का दोघं?"

"आले. मोटारीत पुढे दोघं, मागे मी. अडीच तास एक शब्द नाही! मग स्वित्झर्लंडची हद्द लागली, आणि धाकटा म्हणाला, 'दादा, चहा घेऊ या?'"