भुसकट कुणीकडून आले

या सदरात भुताखेतांच्या हकिगती छापल्या जातात म्हणून संपादकांना सर्वाधिक निषेधपत्रे बहुधा मीच धाडली असतील. उभी हयात वकिलीत गेलेल्या माणसाला ऐकीव पुराव्याची चीड असते. ती मला आजही आहे... म्हणूनच केवळ स्वतः पाहिलेले लिहीत आहे.

माझी भाची रेवती येलदरीच्या जलाशयावर शिडाच्या होडीत राहते. पाणपक्ष्यांचा अभ्यास करते. इंजिनाच्या आवाजाने पक्षी उठतात, म्हणून शीड. सुरुवातीला वारा जरा वाढला की ती होडी काठाला बांधून रडत आईला फोन करी. मानवतला राहणारी माझी बहीण त्यामुळे हवालदिल झाली होती. "दादा, तिला घेऊनच या," असे तिने मला बजावले. खोट काढण्यासाठी मी रेवतीच्या परवानग्यांचे सगळे कागद तपासले. एकही त्रुटी सापडली नाही, याचा विलक्षण संताप आला. शेवटी मे महिन्याच्या अखेरीस स्वतःच होडीत जाऊन बसलो. त्याच पाण्याखाली माझे आजोळ गेले आहे — पण तेवढ्या नात्याने मी पाण्याला सवलत देणार नव्हतो.

दुपारी जलाशयाच्या मध्यावर वारा पूर्ण पडला. शीड ओल्या धोतरासारखे लोंबत होते. कायदा, जीवितास धोका आणि आईची तब्येत, या क्रमाने मी रेवतीला सुनावत असताना मानेला खाज सुटली. पाहतो तो सदऱ्यावर, तिच्या केसांत, फळ्यांवर ज्वारीचे भुसकट पडत होते. खळ्यावर धान्य वाऱ्यात उपणताना उडते तसे... झुळूकही नसताना, तिरपे. चहूकडे पाणी. काठची राने केव्हाच नांगरून पडलेली, आणि हाताने उपणतो तरी कोण आता?

"हे कोणी टाकले?" मी गरजलो.

"कुणी टाकलं ते मागून बघू, मामा. कुणीकडून यायलंय, तेवढं सांगा."

मी हात करून दाखवले. तिने एकदाच तिकडे पाहिले. आभाळ निरभ्र होते. तरीही तिने शीड झरझर उतरवून बांधले, वल्ह्याने होडीचे तोंड त्या दिशेला फिरवले आणि मला तळाशी बसवले.

"आता घट्ट धरा. अन् भाषण थोडं थांबवा."

मी हरकत नोंदवणार तोच वादळी वारा आला — नेमका त्याच बाजूने. होडी उभी राहिली, आपटली, पुन्हा उभी राहिली. शीड वर असते तर आम्ही दोघेही पाण्यात असतो, आणि मला पोहता येत नाही. ती मात्र ओठ मिटून प्रत्येक लाट समोरून घेत होती. इतका स्वस्थ चेहरा मी कोणत्याही न्यायासनावर पाहिलेला नाही.

वारा निवल्यावर विचारले, आभाळ स्वच्छ असताना शीड का उतरवलेस?

"पयले मी कारण कळेपर्यंत थांबायची, अन् मार खायची. आता इशारा दिसला की हात चालतेत, मामा."

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. मी सांगितले, माझी हरकत मी मागे घेतली आहे.

चिमूटभर भुसकट चष्म्याच्या डबीत पुराव्यादाखल ठेवले आहे. कोणी टाकले, हे मला आजही ठाऊक नाही. संपादकांनीही ठाऊक असल्याचा आव आणू नये. कुणीकडून आले, हे मात्र शपथेवर सांगतो. त्या बाजूला नुसते पाणी आहे... आणि पाण्याखाली माझ्या आजोबांचे खळे.